एडक्याचा दोष
एका न दिसणाऱ्या रोगाच्या निदानाची कहाणी

जनावर गाभण राहिले नाही, तर आपली भाषा पहिल्यांदा मादीकडे बोट दाखवते. गाय उलटली, मेंढी उलटली, शेळीने गाभ टाकला, म्हैस वांझ निघाली. या सगळ्या वाक्यांची कर्ती मादी आहे. नराबद्दल बोलताना मात्र शब्द अचानक आटतात. एडका ‘वांझ’ आहे असे कोणी म्हणत नाही. तो फार तर ‘चालत नाही’. जो चालतो, माजावरच्या मेंढीवर उडी घेतो, टकरीत मागे हटत नाही, ज्याची शिंगे भरदार आणि छाती रुंद आहे, त्याच्यावर शंका घ्यायचे कारण कोणाला दिसत नाही.

या लेखाचा विषय आहे तो नेमका असा, दिसायला धडधाकट असलेला एडका आणि त्याच्या जननेंद्रियात मुक्काम ठोकून बसलेला एक जीवाणू. रोगाने एडका मरत नाही. बहुतेक वेळा त्याचे चारापाणी सुटत नाही, ताप फारसा येत नाही, चाल बिघडत नाही. बिघडतो तो कळपाचा जमाखर्च. मेंढ्या पुन्हा पुन्हा माजावर येतात, कोकरे कमी पडतात, पडतात तीही लांबलचक काळात विखरून पडतात. म्हणजे रोग एकाच्या अंगात आणि लक्षण दुसऱ्याच्या. अशा रोगाचे निदान कसे करायचे, हा प्रश्न पशुवैद्यकाचा तर आहेच, पण पुरावा म्हणजे काय आणि तो किती पुरे म्हणायचा, हा त्याहून व्यापक प्रश्नही त्यात दडलेला आहे.

एका जीवाणूची ओळख

हा जीवाणू ज्या घराण्यातला, ते घराणे माणसाला आधी माहीत झाले. माल्टा बेटावरील ब्रिटिश सैनिकांना एक चिवट, चढउताराचा ताप येई. त्या तापाने मेलेल्यांच्या प्लीहेतून डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने सूक्ष्मजीव वेगळा केला आणि १८८७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांना गायींच्या सांसर्गिक गर्भपातामागचा जीवाणू सापडला. माल्टाचा ताप बकऱ्यांच्या कच्च्या दुधातून येतो, हे कळायला १९०५ साल उजाडले. ते शोधून काढले थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरने. पुढे हे सगळे जीवाणू ब्रूसच्या नावावरून ‘ब्रुसेला’ या एका कुळात बसवले गेले. आपल्याकडचे पशुपालक ब्रुसेलोसिसला ओळखतात ते याच सांसर्गिक गर्भपाताच्या रूपात.

मेंढ्यांच्या नरांमध्ये राहणारा भाऊबंद मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लपून राहिला. तो सापडला ते देश मेंढ्यांवर जगणारे होते. न्यूझीलंडमध्ये १९८२ साली मेंढ्यांची संख्या सात कोटींच्या वर गेली होती. माणसे त्या मानाने मूठभर. अशा देशात एडक्याच्या वृषणाजवळची गाठ ही राष्ट्रीय अर्थव्यवस्थेची बाब ठरते. तिथे आणि शेजारच्या ऑस्ट्रेलियात एडक्यांच्या या गाठी पशुपालकांना माहीत होत्या. मार लागला असेल, जुनी जखम असेल, असे म्हणून त्या सोडूनही दिल्या जात. १९५३ मध्ये न्यूझीलंडचे बडल आणि बॉईज, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचे सिमन्स आणि हॉल, अशा दोन जोड्यांनी या गाठींतून ब्रुसेलासारखा दिसणारा जीवाणू काढून दाखवला. तो नेहमीच्या ब्रुसेलासारखा वागत नव्हता, म्हणून बडल आणि बॉईज यांनी सुरुवातीला त्याला ब्रुसेलाचे बदललेले रूप मानले. न्यूझीलंडच्या वॉलेसव्हिल येथील संशोधन केंद्रात काम करणाऱ्या बडल यांनी १९५६ मध्ये त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला आणि ‘ब्रुसेला ओव्हिस’ असे नाव ठेवले. ओव्हिस म्हणजे लॅटिन भाषेत मेंढी.

त्याची वस्ती मुख्यतः अधिवृषणात असते. वृषणाला चिकटून वरून खाली उतरणारी ही एक गुंडाळलेली नळी. उलगडली तर एडक्यात ती जवळपास ५० मीटर लांब भरते. वृषणात तयार झालेले शुक्राणू या नळीतून सुमारे दोन आठवडे प्रवास करतात आणि त्या प्रवासातच पोहायला व फळवायला लायक होतात. नळीचा खालचा टोकाचा भाग, ज्याला शेपूट म्हणतात, तिथे ते साठून राहतात. ब्रुसेला ओव्हिस बहुतेक वेळा याच शेपटात सूज आणतो. सुजेने नळी तुंबते, फुटते, आणि शुक्राणू आजूबाजूच्या मांसात सांडतात. शरीराची संरक्षणव्यवस्था या शुक्राणूंना परके समजते आणि त्यांच्याभोवती तटबंदी उभी करते. हाताला लागणारी गाठ म्हणजे ही तटबंदी. थोडक्यात, रोगाची सुरुवात जीवाणू करतो, पण नुकसानाचा मोठा भाग शरीर स्वतःच्या हाताने करते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी. ब्रुसेला कुळातले काही जीवाणू माणसाला मोठा त्रास देतात, पण ब्रुसेला ओव्हिस माणसाला होणारा रोग मानला जात नाही. त्याचा सगळा खेळ मेंढ्यांपुरता आहे. न्यूझीलंडमध्ये तो पुढे फार्मवर पाळलेल्या तांबड्या हरणांच्या नरांतही सापडला.

रंगाचा पुरावा

निदानाची पहिली पायरी प्रयोगशाळेत नाही, कुरणात आहे. न्यूझीलंडमध्ये फळवणीचा हंगाम साधारण मार्च-एप्रिलमध्ये येतो. तिथले पशुपालक एडक्याच्या छातीला एक पट्टा बांधतात आणि त्यात रंगाची मोठी कांडी बसवतात. एडक्याने उडी घेतली की मेंढीच्या पाठीमागे रंग उमटतो. मेंढीचे माजाचे चक्र १७ दिवसांचे असते. म्हणून साधारण तेवढ्या दिवसांनी कांडीचा रंग बदलायचा. पहिल्या फेरीत पिवळा, दुसऱ्या फेरीत निळा, अशी योजना. ज्या मेंढीच्या अंगावर फक्त पिवळा रंग, ती पहिल्याच खेपेला गाभण राहिली असे समजायचे. पिवळ्यावर निळा चढला तर ती उलटली.

एखाद-दुसरी मेंढी उलटली तर त्यात विशेष नाही. पण एका एडक्याच्या ताब्यातल्या निम्म्या मेंढ्यांवर निळा रंग दिसू लागला, तर तो रंग मेंढ्यांविषयी नव्हे, एडक्याविषयी बोलत असतो. इतक्या मेंढ्या एकाच वेळी नापीक होण्याची शक्यता कमी आणि त्या सगळ्यांमध्ये समान असलेला एकच प्राणी समोर उभा आहे. निदानातले हे पहिले तर्कशास्त्र साधे आहे, पण ते करायला नोंद लागते. नोंद नसेल तर प्रत्येक मेंढी स्वतंत्र अपयश ठरते, आणि दोष तिच्याच माथी बसतो.

बोटांची साक्ष

दुसरी पायरी हाताची. फळवणीच्या दोन-तीन महिने आधी सगळे एडके एका अरुंद गल्लीत आणतात आणि पशुवैद्यक प्रत्येकाच्या मागे उभा राहून दोन्ही हातांनी अंडकोश चाचपतो. दोन्ही वृषणे पिशवीत मोकळी सरकतात का, आकाराने सारखी आहेत का, दाबल्यावर स्थितिस्थापक लागतात की मऊ पडली आहेत, हे पाहतो. मग बोटे खाली शेपटाकडे जातात. निरोगी शेपूट घट्ट पण लवचीक, सुबक गोळीसारखे लागते. रोगट शेपूट मोठे, कडक, ओबडधोबड होते, आणि बहुतेक वेळा ते एकाच बाजूला असते. डाव्याची तुलना उजव्याशी करता येते, हीच या तपासणीची मोठी सोय. जुन्या दुखण्यात वर गाठ आणि आत आक्रसलेले वृषण अशी जोडी हाताला लागते.

या तपासणीला खर्च नाही, यंत्र नाही, निकाल जागच्या जागी मिळतो. अनुभवी हात तासाभरात मोठा कळप तपासून होतात. पण या साक्षीच्या दोन मर्यादा आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिली मर्यादा अशी की, रोग असूनही गाठ नसू शकते. संसर्ग झाल्यानंतर गाठ हाताला लागण्याएवढी व्हायला काही आठवडे जातात. अनेक एडक्यांमध्ये ती कधीच होत नाही. असा एडका हाताला निर्दोष लागतो आणि वीर्यातून जीवाणू सोडत राहतो. दुसरी मर्यादा याच्या उलट. गाठ असूनही हा रोग नसू शकतो. टकरीतला मार, काट्याची जखम, जन्मजात दोष, यांनीही गाठ येते. शिवाय दुसरे जीवाणू आहेत. वयात येणाऱ्या कोवळ्या एडक्यांत अधिवृषणाची सूज दिसली तर ॲक्टिनोबॅसिलस सेमिनिस किंवा हिस्टोफिलस यांच्यावर संशय आधी जातो. ॲक्टिनोबॅसिलस सेमिनिसचे वर्णन १९६० मध्ये ऑस्ट्रेलियातच झाले. मेंढ्यांच्या अंगावर पुवाच्या गाठी आणणारा कॉरिनेबॅक्टेरियमही इथे घर करू शकतो. ब्रुसेला ओव्हिस मुख्यतः वापरात असलेल्या, वयाने मोठ्या एडक्यांत आढळतो, कारण तो संगातून पसरतो.

म्हणजे बोटे सांगतात ती एवढीच गोष्ट, की इथे काहीतरी झाले आहे. कोणी केले, हे बोटांना कळत नाही. आणि जिथे काही झालेले लागत नाही, तिथेही सुटकेचा दाखला देण्याचा अधिकार बोटांना नाही.

कातरलेला जीवाणू

तिसरी पायरी रक्ताची, आणि या रोगाच्या निदानातला सर्वांत बोधप्रद भाग इथेच आहे.

ब्रुसेलोसिससाठी जगभर वापरली जाणारी सोपी चाचणी म्हणजे रोझ बेंगॉल. गुलाबी रंग दिलेल्या मृत जीवाणूंचा थेंब आणि जनावराच्या रक्तजलाचा थेंब एकत्र ढवळायचे. काही मिनिटांत कण गोळा झाले तर रक्तजलात ब्रुसेलाविरुद्धची प्रतिद्रव्ये आहेत. गायी, म्हशी, शेळ्या यांच्यासाठी ही चाचणी उपयोगी आहे. पण ब्रुसेला ओव्हिसने ग्रासलेल्या एडक्याचे रक्तजल घेतले तर रोझ बेंगॉल शांत राहते. कण गोळा होत नाहीत. कागदावर उत्तर येते: ब्रुसेला नाही.

चाचणी बिघडलेली नसते. तिला विचारलेला प्रश्नच चुकलेला असतो. गायीतला ब्रुसेला अबॉर्टस आणि शेळ्या-मेंढ्यांतला ब्रुसेला मेलिटेन्सिस यांच्या पेशीच्या बाहेरच्या आवरणातून शर्करेच्या लांब साखळ्या निघालेल्या असतात. शरीर प्रतिद्रव्ये बनवते ती मुख्यतः या साखळ्यांविरुद्ध, आणि रोझ बेंगॉल शोधते तीही हीच प्रतिद्रव्ये. ब्रुसेला ओव्हिसला या साखळ्या नसतातच. मेंढपाळाच्या भाषेत सांगायचे तर बाकीचे ब्रुसेला लोकर असलेले आणि हा कातरलेला. लोकरीवरून मेंढी ओळखणाऱ्याला कातरलेली मेंढी दिसत नाही, तसेच हे.

हा जीवाणू असा का, याचे उत्तर पुढे त्याच्या जनुकांनी दिले. बडल यांच्या काळात साठवलेल्या मूळ वाणाच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात निकामी झालेल्या जनुकांचे प्रमाण लक्षणीय होते. बाहेरची साखळी बनवण्याची सामग्री त्याने गमावली आहे. युरिया फोडण्याची क्षमता गमावली आहे. अनेक यजमानांत, अनेक अवयवांत फिरण्याचे सामर्थ्य गमावत गमावत तो एका प्राण्याच्या मोजक्या अवयवांत स्थिरावला असावा, असा त्यातून निघणारा तर्क आहे. त्याचे न सापडणे आणि त्याचे एकाच ठिकाणी राहणे, ही एकाच झिजेची दोन फळे म्हणावीत अशी ही स्थिती आहे.

म्हणून त्याच्यासाठी वेगळ्या चाचण्या लागल्या. जीवाणू गरम खारट पाण्यात घालून त्याच्या आवरणाचा अर्क काढतात आणि त्या अर्काशी रक्तजल काय करते ते पाहतात. यातली एक जुनी पद्धत म्हणजे पूरक-बंधन चाचणी. तिचे तत्त्व बोर्दे आणि झांगू यांनी १९०१ मध्ये मांडले. रक्तात ‘पूरक’ नावाची प्रथिने असतात. प्रतिद्रव्याने लक्ष्य पकडले की ही प्रथिने तिथे खर्ची पडतात. चाचणीत आधी एडक्याचे रक्तजल, जीवाणूचा अर्क आणि मोजून घेतलेली पूरक प्रथिने एकत्र करतात. नंतर त्यात फुटायला तयार करून ठेवलेल्या लाल पेशी सोडतात. गमतीची गोष्ट म्हणजे या पेशीही मेंढीच्याच असतात. पूरक प्रथिने आधीच खर्च झाली असतील तर पेशी शाबूत राहून तळाशी बसतात, म्हणजे एडक्यात प्रतिद्रव्ये आहेत. पूरक शिल्लक असेल तर पेशी फुटून सारे द्रावण लाल होते, म्हणजे प्रतिद्रव्ये नाहीत. पद्धत हुशार आहे, पण नाजूकही. नमुना उन्हात राहिला, रक्त फुटले, तर काही रक्तजले स्वतःच पूरक प्रथिने गिळतात आणि निकाल वाचताच येत नाही.

दुसरी पद्धत जेलीची. जेलीच्या पातळ थरात दोन खळगे पाडायचे, एकात अर्क आणि दुसऱ्यात रक्तजल. दोन्ही द्रव्ये जेलीतून एकमेकांकडे सरकतात आणि जुळणी झाली तर मध्ये एक पांढरी रेघ उमटते. एक-दोन दिवस लागतात, पण साधन साधे. तिसरी पद्धत एलायझाची, जिचे नाव करोनाकाळात घरोघरी पोचले. ती एकाच वेळी शेकडो नमुने तपासू शकते आणि कमी प्रतिद्रव्येही हेरते. तरीही तिन्ही चाचण्यांचे निकाल प्रत्येक एडक्यात जुळतातच असे नाही. म्हणून दोन पद्धती एकत्र वापरून उत्तर पक्के करण्याची रीत पडली.

प्रत्यक्ष आरोपी

रक्त सांगते ते असे, की शरीराची आणि जीवाणूची गाठ पडली होती. जीवाणू आत्ता तिथे आहे का, हे सांगायचे तर तोच पकडावा लागतो. त्यासाठी वीर्याचा नमुना घेतात. काचपट्टीवर पसरून विशिष्ट रंग दिला की निळ्या पार्श्वभूमीवर बारीक तांबडे ठिपके दिसतात. सोबत पुवाच्या पेशी आणि डोके तुटलेले शुक्राणू दिसले तर सूज आहे हे पक्के होते. ठिपके मात्र इतर जीवाणूंचेही असू शकतात. म्हणून तो नमुना खास माध्यमावर, कार्बन डायऑक्साइड वाढवलेल्या हवेत, ३७ अंश तापमानाला वाढवतात. वीर्याबरोबर बाहेरचे अनेक जंतू येतात आणि ते भराभर वाढून या संथ जीवाणूला झाकून टाकतात. त्यांना रोखणारी प्रतिजैविके माध्यमात घालावी लागतात. तीन-चार दिवसांनी बारीक, गोल, अर्धपारदर्शक वसाहती दिसतात. आता पीसीआरने जीवाणूचे जनुकद्रव्य थेट हुडकता येते, त्यामुळे वेळ वाचतो.

वाढ झाली तर वाद मिटला. वाढ झाली नाही तर मिटत नाही. एडका प्रत्येक वेळी जीवाणू सोडतोच असे नाही, नमुना वाटेत खराब होऊ शकतो. कत्तलीनंतर अधिवृषण, शुक्राशय आणि लसिका ग्रंथी तपासल्या की उत्तर अधिक पक्के मिळते. पण ते उत्तर त्या एडक्याच्या काही उपयोगाचे नसते.

शंकेचे गणित

इथपर्यंत आले की वाचकाला वाटेल, सर्वांत चांगली चाचणी निवडावी आणि तिचा निकाल मानावा. अडचण अशी की चाचणी चांगली असली तरी तिच्या निकालाचा अर्थ कळपावर अवलंबून असतो. हिशेबापुरती एक कल्पना करू. समजा, एक चाचणी रोगी असलेल्या १०० एडक्यांपैकी ९५ पकडते आणि निरोगी १०० पैकी फक्त एकाला चुकून रोगी ठरवते.

पहिल्या फार्मवर २०० एडके आहेत आणि रोग मुळीच नाही. तरी चाचणीत दोघे रोगी ठरतील. दोघेही निर्दोष. दुसऱ्या फार्मवर २०० पैकी २० एडक्यांना रोग आहे. चाचणी त्यातले १९ पकडेल आणि उरलेल्या १८० निरोगी एडक्यांपैकी साधारण दोघांना उगाच गोवेल. म्हणजे २१ आरोपींपैकी १९ खरे. चाचणी तीच, कागदावरचा शिक्का तोच, पण पहिल्या फार्मवर तो पूर्ण खोटा आणि दुसऱ्या फार्मवर बव्हंशी खरा.

दुसऱ्या फार्मवरचा सुटलेला विसावा एडका हा खरा प्रश्न आहे. कदाचित त्याला संसर्ग होऊन थोडेच दिवस झाले असतील आणि प्रतिद्रव्ये अजून तयार झाली नसतील. पकडलेले १९ विकून टाकले आणि हा एक राहिला, तर पुढच्या हंगामापर्यंत कळप पुन्हा तिथेच येईल. कारण एडके एकत्र राहतात तेव्हा एकमेकांवर उड्या घेतात आणि रोग नराकडून नराकडे थेट जातो. फळवणीत तो मेंढीच्या मार्गेही जातो. रोगी एडक्याने फळवलेल्या मेंढीवर त्याच माजात दुसरा निरोगी एडका चढला की त्याला तो मिळतो. मेंढी बहुतेक वेळा वाहकापुरतीच असते, संसर्ग फार काळ टिकवत नाही. काही मेंढ्या मात्र उशिरा गाभ टाकतात किंवा अशक्त कोकरे देतात.

म्हणून या रोगात निकाल एकट्या एडक्याचा लागत नाही, कळपाचा लागतो. सगळे एडके तपासायचे, रोगी ठरलेले काढायचे, काही आठवडे थांबून उरलेले सगळे पुन्हा तपासायचे. लागोपाठच्या फेऱ्या स्वच्छ आल्या की मग कळप रोगमुक्त म्हणायचा. ‘सगळे’ या शब्दावर इथे भर आहे. माजावरच्या मेंढ्या ओळखण्यासाठी नसबंदी करून ठेवलेले एडकेही त्यात आले. ते फळवत नाहीत म्हणून त्यांना कोणी मोजत नाही, पण उड्या तेही घेतात आणि रोगही वाहतात. न्यूझीलंडमधील पैदाशीचे एडके विकणारे कळप स्वेच्छेने अशा तपासणीतून जातात आणि रोगमुक्तीचे प्रमाणपत्र मिळवतात. त्याबरोबर कुंपणाची शिस्त येते. शेजारचा एक भटका एडका रात्रीत कुंपण ओलांडून आला, तर वर्षांची मेहनत वाया जाते.

औषध का देत नाहीत, असा प्रश्न उरतो. प्रतिजैविकांच्या दीर्घ उपचाराने जीवाणू जाऊ शकतो. पण तुंबलेली नळी मोकळी होत नाही. एडका रोगमुक्त होतो आणि तरी कामाचा राहत नाही. त्यामुळे फारच मौल्यवान जनावर सोडले तर उपचार परवडत नाही. लसीचेही त्रांगडे आहे. मेलिटेन्सिससाठी बनवलेली रेव्ह-१ ही लस ओव्हिसपासूनही संरक्षण देते. पण ती लोकर असलेल्या जीवाणूची आहे. ती टोचली की रोझ बेंगॉल चाचणीत मेंढी रोगी दिसू लागते. रोग आवरला, पण रोग शोधण्याची नजर गढूळ झाली, असा हा सौदा होतो.

आपल्या वाड्यावर

हे सगळे दूरच्या देशाचे पुराण वाटू नये. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सत्तावीस लाखांच्या आसपास मेंढ्या मोजल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी अजूनही चालत्या आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातले धनगर वाडे कोकणाच्या वाटेला लागतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत कळप एकमेकांजवळ येतात, शेतांत मेंढ्या बसवल्या जातात, एडक्यांची देवघेव होते. तिथे दुहेरी कुंपण नाही आणि १७ दिवसांनी बदलायची रंगाची कांडी नाही.

आपल्याकडे शेळ्या-मेंढ्यांत अधिक चिंतेचा आहे तो लोकर असलेला भाऊबंद, ब्रुसेला मेलिटेन्सिस. तोही एडक्याच्या वृषणात आणि अधिवृषणात सूज आणू शकतो. हाताला लागणारी गाठ तशीच. फरक एवढा, आणि तो फार मोठा आहे, की हा माणसाला होतो. व्यालेल्या किंवा गाभडलेल्या मेंढीची वार उघड्या हाताने ओढणारा मेंढपाळ, कच्चे दूध पिणारे घर, नमुना हाताळणारा तंत्रज्ञ, हे सगळे त्याच्या वाटेत येतात. महिनोनमहिने चढउताराचा ताप, सांधेदुखी, रात्रीचा घाम आणि पुरुषांत वृषणाची सूजसुद्धा त्यातून येते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ब्रुसेलोसिसची लस आहे, पण ती ४ ते ८ महिन्यांच्या गायी-म्हशींच्या मादी वासरांसाठी. मेंढी त्या यादीत नाही आणि एडका तर नाहीच.

म्हणून एडक्याच्या गाठीकडे आपल्याकडे पाहायचे ते दोन प्रश्न हातात धरून. पहिला प्रश्न: हा माणसाला होणारा जीवाणू तर नाही? त्यासाठी रोझ बेंगॉल उपयोगी आहे, आणि उत्तर येईपर्यंत हातमोजे, उकळलेले दूध आणि पुरलेली वार हीच शहाणपणाची वाट. दुसरा प्रश्न पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आल्यावर सुरू होतो. रोझ बेंगॉल शांत राहिली म्हणजे एडका सुटला असे नाही. कातरलेला जीवाणू तिला दिसत नाही, ॲक्टिनोबॅसिलसशी तिचा संबंध नाही. तिथे वीर्याचा नमुना आणि योग्य चाचणी मागावी लागते, आणि मागायची तर ती आहे हे आधी माहीत असावे लागते.

यातले सर्वांत स्वस्त काम मात्र आजही कोणाला करता येईल. बाजारात एडका निवडताना आपण शिंगे बघतो, दात बघतो, छाती आणि चाल बघतो. त्यात मागे उभे राहून दोन्ही बाजू हाताने चाचपून बघण्याची एक मिनिटाची भर घालता येते. नवा एडका काही आठवडे वेगळा ठेवता येतो. कोणती मेंढी कोणत्या एडक्याखाली होती आणि किती वेळा उलटली, हे एका वहीत लिहिता येते. मोठा वाडा असेल तर ते लिहिणे जिकिरीचे आहे, पण मेंढीमेंढीला ओळखणाऱ्या माणसांना तोंडी हिशेब तरी अवघड नाही.

बाजारात उलटलेल्या मेंढीला भाव मिळत नाही. दोन हंगाम रिकामी राहिली की ती कसायाच्या गाडीत चढते आणि एडका वाड्यावर राहतो, पुढच्या हंगामात दुसऱ्या मेंढ्यांवर सोडला जातो. न्यूझीलंडमध्ये एका रंगावर दुसरा रंग चढलेला पाहून जो प्रश्न विचारला जातो, तो इथे विचारायला ना रंग लागतो ना प्रयोगशाळा. ती मेंढी गाडीत चढवण्याआधी तिच्याबरोबर आणखी किती उलटल्या, आणि त्या सगळ्या कोणाच्या खाली होत्या, एवढे विचारले तरी निदानाची सुरुवात होते.